जपानी आणि इतर आशियाई पाणी-रचनांचे अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांबूची नळी, दगडी भांडं, ड्रॅगनचं तोंड, धबधब्याखालचा मासा. या सगळ्यांबद्दल येणारे प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: "याचा अर्थ काय?" पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना माझं एक मत सतत डोकावेल, ते आधीच सांगते. या रचनांचा अर्थ नुसत्या आकारात शोधला तर अर्धाच सापडतो. बाकीचा अर्धा त्या पाण्याशी माणूस काय करतो त्यात असतो: वाकतो, हात धुतो, कान देतो, थांबतो.

१. "आशियाई पद्धतीचं कारंजं" म्हणजे नक्की काय? दुकानात बांबू, बुद्ध, ड्रॅगन सगळं एकाच नावाखाली मिळतं.

त्या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या परंपरा कोंबलेल्या असतात. जपानी चहाविधीच्या बागेतलं हात धुण्याचं भांडं, चीनमधून आलेला फेंग शुईचा विचार, थायलंडची केस पिळणारी भूदेवी, बालीतली तीर्थाची मुखं, नेपाळच्या दगडी धारा. यांची मुळं वेगळी, हेतू वेगळे.

पूर्व आशियाच्या जुन्या बागांमध्ये पाणी वर उडवण्याची रीत फारशी नव्हती. पाणी पडतं, ठिबकतं, दगडावरून घसरतं, वळणं घेत वाहतं. जपानमधल्या सर्वांत जुन्या कारंज्यांपैकी एक कानाझावाच्या केनरोकुएन बागेत आहे आणि ते १८६१ सालचं, म्हणजे बागेच्या मानाने अगदी अलीकडचं. त्याला पंप नाही. वरच्या तळ्यातलं पाणी उंचीच्या फरकामुळे आपसूक सुमारे साडेतीन मीटर उडतं. म्हणून या पानावर मी "कारंजं" या शब्दापेक्षा "पाणी-रचना" हा शब्द जास्त वापरला आहे.

२. पाणी भरलं की खाली झुकून 'टक्' असा आवाज करणारी बांबूची नळी कशाचं प्रतीक आहे?

मुळात कशाचंच नाही. ते बुजगावण्याच्या जातीतलं अवजार आहे. जपानीत त्याला शिशिओदोशी म्हणतात, म्हणजे हरणं-डुकरं पळवून लावणारं. या नावात शेतातलं बुजगावणं येतं, दोरी ओढून वाजवायच्या फळ्या येतात आणि ही पाण्याची नळीही येते. नळीचं स्वतःचं नाव सोझू. बांबूचं एक टोक उघडं, आसावर तोललेलं. पाणी भरलं की पुढचं टोक जड होऊन खाली जातं, रिकामं होतं, आणि मागचं टोक परत येऊन दगडावर आपटतं. आपल्याकडे माळ्यावर बसून डबे बडवणाऱ्या राखणदाराचंच हे काम, फक्त राखणदाराशिवाय.

ते बागेत आलं आणि त्याला दुसरा अर्थ चिकटला. क्योतोतल्या शिसेन-दो इथलं सोझू प्रसिद्ध आहे. इशिकावा जोझान या माजी सामुराई कवीने १६४१ मध्ये ती जागा निवृत्तीसाठी बांधली. तिथे हरणांचा उपद्रव होताच, पण आवाजाचा आणखी एक उपयोग लक्षात आला: टक् झाल्यावर जी शांतता येते, ती आधीच्या शांततेहून खोल वाटते. दोन ठोक्यांच्या मधला वेळ ऐकू यायला लागतो. आज लोक ज्याला प्रतीक म्हणतात ते हेच. त्यामुळे ठोके पाच-पाच सेकंदांनी पडत असतील तर पाण्याची धार कमी करा. घाईघाईने ठोकणारी नळी हरणंही पळवील आणि माणसंही.

३. जपानी बागेतलं दगडी पाणीपात्र इतकं बुटकं का असतं? उभ्याने वापरता येईल असं का करत नाहीत?

बुटकेपणा हाच त्याचा जीव आहे. नावच पाहा: त्सुकुबाई. "उकिडवं बसणे, वाकणे" या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलं. चहाविधीच्या खोलीकडे जाणाऱ्या बागेला 'रोजी' म्हणतात, आणि या वाटेवर पाहुण्याला खाली बसून हात आणि तोंड धुवावं लागतं. तो जहागीरदार असो की व्यापारी, उंची सगळ्यांची सारखीच होते. पुढे चहाच्या खोलीचं दारही इतकं छोटं की गुडघ्यांवर सरकत आत शिरावं लागतं आणि तलवार बाहेरच राहते. दोन्ही वेळा तुम्हाला आदर दाखवायला कुणी सांगत नाही. तुमचं शरीर तो दाखवून मोकळं होतं.

त्सुकुबाई म्हणजे एकटं भांडंही नाही, ती दगडांची मांडणी आहे. समोर पाहुण्याने टेकायचा सपाट दगड. एका बाजूला रात्रीच्या चहासाठी हातातला दिवा ठेवायचा दगड, दुसऱ्या बाजूला हिवाळ्यात कोमट पाण्याची बादली ठेवायचा दगड. यातला कुठला डावीकडे आणि कुठला उजवीकडे, यावर चहाच्या घराण्यांत मतभेद आहेत. मधल्या खोलगट भागात गोटे पसरलेले असतात आणि सांडलेलं पाणी तिथे जिरतं. त्या भागाला म्हणतात "समुद्र". ओंजळभर पाणी सांडायच्या जागेला समुद्र म्हणणं मला या सगळ्या परंपरेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

चहाचे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. त्यांच्या बागेतून खरा समुद्र दिसायला हवा होता, पण त्यांनी झाडं लावून तो झाकून टाकला. पाहुणे हिरमुसले. मग पाण्यासाठी ते भांड्यापाशी वाकले, आणि पानांच्या फटीतून तेवढ्याच जागी दूरचा समुद्र चमकला. हातातलं पाणी आणि ते पाणी एकच, हे कुणी समजावून सांगितलं नाही. वाकलं तरच ते दिसत होतं.

आता घरातल्या वापराबद्दल. हेच भांडं कमरेच्या उंचीच्या ओट्यावर ठेवून वर पंप बसवला की ते शोभेचं बेसिन होतं. वाईट काही नाही त्यात. पण त्याला त्सुकुबाई म्हणू नये. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी जपानातही सोय आहे: घराच्या ओसरीला लागून उंच पाणीपात्र ठेवायची जुनी रीत आहे. ते वेगळं, त्याचं कामही वेगळं.

४. नाण्यासारखं गोल, मध्ये चौकोनी भोक आणि चार अक्षरं असलेलं पात्र सगळीकडे दिसतं. त्यावर काय लिहिलंय?

हा क्योतोच्या रयोआन-जी मंदिरातल्या पात्राचा नमुना आहे. तोकुगावा मित्सुकुनी यांनी ते दिलं असं सांगतात. मूळ पात्र चहाच्या खोलीपाशी आहे, भेट देणाऱ्यांना दिसते ती प्रतिकृती.

चारही चिन्हं सुटी वाचली तर काहीच जुळत नाही. वरचं "पाच", उजवीकडचं आखूड शेपटीचा पक्षी, डावीकडचं "बाण". गंमत चौकोनात आहे. चिनी-जपानी लिपीत चौकोन हे "मुख" या अर्थाचं अक्षर आहे. मधला पाण्याचा चौकोन प्रत्येक चिन्हाला जोडून वाचला की चार पूर्ण अक्षरं तयार होतात: मी, केवळ, पुरेसं, जाणणे. वाक्य होतं "वारे तादा तारु ओ शिरु", म्हणजे साधारण "पुरेसं आहे, एवढंच मला कळतं."

पाण्याचा चौकोन हाच चारही अक्षरांचा समाईक भाग आहे, आणि दगडावर तो कोरलेला नाही, ती रिकामी जागा आहे. आकाराने नाणं आणि मजकुराने समाधान, हा विरोधही मुद्दामच. म्हणून हे पात्र धनलाभासाठी घ्यायचं असेल तर जरा थांबा. त्याचं म्हणणं नेमकं उलटं आहे. (धनलाभाचं पाणी वेगळं आहे, प्रश्न ९ पाहा.)

५. जपानी देवळाबाहेरच्या पाण्याने हात धुण्याची ठरलेली पद्धत आहे का?

आहे, आणि आपल्याला ती चटकन कळते. उजव्या हातात लांब दांड्याची बांबूची पळी घेऊन डावा हात धुवायचा, मग पळी डावीत घेऊन उजवा. मग पुन्हा उजवीत घेऊन डाव्या तळहातावर पाणी ओतायचं आणि त्याने चूळ भरायची. पळी तोंडाला लावायची नाही. उष्टं म्हणजे काय हे जपानी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मग पुन्हा डावा हात धुवायचा, आणि शेवटी पळी उभी धरायची म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून पुढच्यासाठी दांडा स्वच्छ होतो. हे सगळं एकाच पळीभर पाण्यात बसवायचं असतं.

२०२० मध्ये करोनाच्या काळात बऱ्याच देवळांनी पळ्या काढून घेतल्या. तेव्हा मोकळ्या पडलेल्या पात्रांत फुलं तरंगवण्याची रीत खूप पसरली. ती आजही दिसते आणि तिची छायाचित्रं लोकांना फार आवडतात. मात्र फुलांनी पूर्ण झाकलेल्या पात्रात हात घालू नका.

६. पाणी कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेकडे वाहायला हवं?

जपानी उद्यानकलेवरचा 'साकुतेइकी' नावाचा अकराव्या शतकातला ग्रंथ आहे. तो ताचिबाना नो तोशित्सुना यांचा मानला जातो. त्यात प्रवाहाचा मुख्य मार्ग दिला आहे: पूर्वेकडून यावा, दक्षिणेकडे वळावा, पश्चिमेकडे निघून जावा. यामागे चार दिशांचे चार राखणदार आहेत: पूर्वेला निळा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला तांबडा पक्षी, उत्तरेला काळं कासव. ड्रॅगनचं पाणी घरातलं वाईट धुऊन वाघाच्या वाटेने बाहेर नेतं, अशी ही कल्पना. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा प्रवाह उलटा मानला आहे.

पण त्याच ग्रंथात पर्यायही आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारं पाणी चालतं, कारण उत्तर पाण्याची आणि दक्षिण अग्नीची, म्हणजे दोन विरुद्ध तत्त्वांची भेट होते. बौद्ध धर्म पूर्वेकडे पसरत गेला म्हणून पूर्ववाहिनी पाण्यालाही मान आहे, पण तो पवित्र स्थळांच्या बाबतीत, राहत्या घरासाठी नाही. आणि पूर्वेला प्रवाह नसेलच तर? विलोची नऊ झाडं लावा, असं सांगून ग्रंथ पुढे जातो. नियमाइतकाच पर्यायही अधिकाराने सांगणारा ग्रंथ मला विश्वासाचा वाटतो.

वास्तुशास्त्राशी हे जुळतं का, असं बरेच जण विचारतात. दोन्हीकडे दिशांना अर्थ आहे, पण दोन्ही पद्धती वेगळ्या आहेत. एकीचा नियम दुसरीच्या नकाशावर बसवू नये.

७. पाणी ड्रॅगनच्या तोंडातून का येतं? ड्रॅगन तर आग ओकतो ना?

आग ओकणारा ड्रॅगन युरोपचा. चीन आणि जपानचा ड्रॅगन पाण्याचा आहे: ढगांत राहतो, पाऊस पाडतो, नद्या-सरोवरं सांभाळतो. भारतातून बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा "नाग" या शब्दासाठी तिथे ड्रॅगनचाच शब्द वापरला गेला. म्हणजे जपानी देवळाच्या पाणीपात्रावर वळसा घातलेल्या त्या प्राण्यात आपल्या जलाशय राखणाऱ्या नागाचाही अंश आहे.

तोंडातून पाणी येण्याची कल्पना आशियाभर आहे, प्राणी मात्र बदलतात. काठमांडू खोऱ्यातल्या दगडी धारांना मकराचं मुख असतं, तोच गंगेचा मकर. कंबोडियात अंगकोरजवळ नेआक पेआन नावाचं बेटावरचं देऊळ आहे, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, सातव्या जयवर्मन राजाचं. मधल्या तळ्यातून चार बाजूंच्या तळ्यांत पाणी जातं ते हत्ती, सिंह, घोडा आणि माणूस यांच्या मुखांतून. हिमालयातल्या अनवतप्त सरोवरातून चार नद्या चार मुखांनी निघतात, या बौद्ध कथेची ती दगडी आवृत्ती. गोमुखातून पडणारं पाणी पाहत वाढलेल्या माणसाला हे काही परकं वाटणार नाही.

८. धबधब्याच्या पायथ्याशी तिरका उभा केलेला दगड किंवा मासा कशासाठी?

पिवळ्या नदीवर लोंगमेन, म्हणजे ड्रॅगनद्वार, नावाची जागा आहे. तिथला प्रवाह चढून वर जाईल तो कार्प मासा ड्रॅगन होतो, अशी चिनी कथा. राजदरबारी परीक्षा पास होण्याला याची उपमा देत. जपानीत आजही यशाच्या उंबरठ्याला "ड्रॅगनद्वार चढणे" असंच म्हणतात, आणि ५ मे रोजी मुलांसाठी कापडी कार्प मासे वाऱ्यावर फडकवतात.

क्योतोच्या किंकाकु-जी मंदिरातल्या छोट्या धबधब्याखाली एक दगड असा तिरपा बसवला आहे की मासा उडी घेण्याच्या बेतात आहे असं वाटावं. त्याला डोळे नाहीत, खवले नाहीत. धार त्याच्यावर आपटते आणि तो ती झेलत उभा राहतो, बस. बाजारातल्या रंगीत सिमेंटच्या माशापेक्षा हा साधा दगड मला कितीतरी जास्त मासा वाटतो.

९. फेंग शुईप्रमाणे पाणी म्हणजे पैसा, हे खरं का? पाणी घराच्या दिशेने वाहायला हवं ना?

फेंग शुई या शब्दाचा अर्थच "वारा-पाणी". प्राणशक्ती वाऱ्यावर विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, असा त्यातला मूळ विचार. म्हणजे पाणी शक्तीला अडवून धरतं. पैशाचा अर्थ त्यातूनच पुढे आला, आणि "पाणी आत यावं, बाहेर जाऊ नये" हा आग्रहही.

याचं सर्वांत ठळक उदाहरण सिंगापूरमधल्या सनटेक सिटीचं 'संपत्तीचं कारंजं'. १९९५ मध्ये बांधलेलं, १९९८ मध्ये जगातलं सर्वांत मोठं म्हणून गिनीज बुकात नोंदलेलं. चार तिरप्या खांबांवर ६६ मीटर परिघाचं कांस्याचं कडं आहे आणि पाणी त्यावरून आतल्या बाजूला पडतं. भोवतीच्या पाच इमारती म्हणजे डाव्या हाताची बोटं आणि कारंजं म्हणजे तळहात, असं मानतात. ठरावीक वेळी मोठ्या धारा बंद होतात आणि लोक मधल्या छोट्या कारंज्याच्या पाण्याला हात लावून तीन प्रदक्षिणा घालतात. चिनी विचारांच्या या कारंज्याची आखणी मात्र हिंदू मंडलावर बेतलेली आहे, सिंगापूरच्या सगळ्या वंशांची आणि धर्मांची एकता दाखवायला.

जपानमधलं उदाहरण वेगळ्या वळणाचं आहे. कामाकुरातल्या झेनिआराई बेन्तेन देवस्थानात गुहेतल्या झऱ्यात लोक टोपलीत ठेवून नाणी आणि नोटा धुतात. ते पैसे वाढून परत येतात असा विश्वास. पण धुतलेले पैसे साठवून ठेवायचे नाहीत, चांगल्या कामी खर्च करायचे, असंही सांगतात. पाणी आत अडवणारी श्रद्धा आणि पैसा वाहता ठेवणारी श्रद्धा, दोन्ही आशियातल्याच. त्यामुळे "आशियाई परंपरेनुसार" असं म्हणून कुणी एकच नियम सांगत असेल तर कुठली परंपरा, हे जरूर विचारा.

१०. ही बेन्तेन म्हणजे आपली सरस्वती का?

हो. बेन्झाइतेन किंवा बेन्तेन हे सरस्वतीचं जपानी रूप आहे. ती चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर गेली. हातात वीणेच्या जागी बिवा नावाचं तंतुवाद्य आलं, पण पाण्याशी नातं तुटलं नाही. आपल्याकडे विद्येची देवी म्हणून तिची ओळख इतकी मोठी झाली की नदी मागे पडली. जपानमध्ये तिची देवळं आजही बेटांवर, तळ्यांत, झऱ्यांपाशी असतात. बिवा सरोवरातलं चिकुबुशिमा, समुद्रातलं एनोशिमा, तोक्योच्या उएनोतल्या शिनोबाझु तळ्यातलं देऊळ. जपानी बागेच्या तळ्यात बेट आणि त्यावर इवलंसं देऊळ दिसलं तर ते तिचं असण्याची शक्यता बरीच आहे.

११. तीन धारा असलेली रचना पाहिली. तिन्ही धारांचं पाणी प्यायचं असतं का?

ती बहुधा क्योतोच्या कियोमिझु-देरा मंदिरातल्या ओतोवा धबधब्यावरून घेतलेली असावी. कियोमिझु म्हणजेच शुद्ध पाणी. तिथे तीन धारा पडतात आणि लांब दांड्याच्या पळीने त्यातलं पाणी पितात. दीर्घायुष्य, विद्या आणि प्रेम असे तिघींचे अर्थ सांगतात. तिन्ही धारांचं पाणी पिणं हावरेपणाचं मानतात.

धारांबद्दलचा आणखी कडक संकेत बालीतल्या तीर्ता एम्पुल इथे आहे. दहाव्या शतकातलं हे तीर्थ. भाविक एका ओळीतल्या मुखांखाली क्रमाने डोकं धरतात, पण काही मुखं मृतांच्या विधींसाठी राखलेली आहेत आणि ती सोडून पुढे जायचं असतं. म्हणून हॉटेलसाठी बालीच्या धर्तीवर मुखांची रांग करताना आकडा फक्त दिसण्यावरून ठरवू नये.

१२. पाणीच नाही अशी "पाण्याची बाग" कशी असू शकते?

याला कारेसानसुइ म्हणतात: कोरडे डोंगर, कोरडं पाणी. पांढरी खडी दाताळ्याने ओढून लाटा काढतात. रयोआन-जीच्या आयताकृती अंगणात पंधरा दगड आहेत आणि ओसरीवर कुठेही बसलं तरी एखादा दगड लपलेलाच राहतो. क्योतोच्याच दाइसेन-इनमध्ये उभ्या दगडांतून कोरडा धबधबा निघतो, त्याची नदी होते, नदीत होडीच्या आकाराचा दगड आहे आणि शेवटी सगळं मोकळ्या पांढऱ्या खडीत मिळतं. त्याला माणसाच्या आयुष्याचा प्रवास म्हणतात.

अशा बागेजवळ पंपाचं कारंजं लावू नका. खऱ्या पाण्याचा आवाज आला की खडी पुन्हा नुसती खडी होते.

१३. जमिनीखालून घंटेसारखा आवाज येणारी रचना काय असते?

सुइकिनकुत्सु. अर्थ साधारण "पाण्याच्या वीणेची गुहा". तळाशी भोक पाडलेला मातीचा रांजण जमिनीत पालथा पुरतात. त्सुकुबाईपाशी हात धुतले की सांडलेलं पाणी गोट्यांतून खाली झिरपतं, रांजणाच्या भोकातून थेंब थेंब आत पडतं, आणि तळाशी साठलेल्या थोड्याशा पाण्यावर आपटून आवाज रांजणभर घुमतो. एदो काळाच्या (१६०३–१८६८) मध्यावर ही कल्पना आली, विसाव्या शतकात जवळजवळ विसरली गेली आणि १९८०च्या दशकात पुन्हा वर आली.

यातलं वाद्य वाजतं ते वापरून झालेल्या पाण्यावर. ज्या पाण्याला आपण सांडपाणी म्हणून मोरीत सोडून देतो, त्याचाच हा आवाज. शिवाय तो ऐकायला हात धुवावे लागतात आणि मग क्षणभर वाकून थांबावं लागतं. ध्वनिफीत लावलेली "सुइकिनकुत्सु"ही मिळते. ती घेऊ नका. जागा असेल तर खरा रांजण पुरून पाहा. चांगला भाजलेला, ठोकल्यावर खणखणीत वाजणारा घ्या आणि तळाशी थोडंसं पाणी राहील, जास्तीचं निघून जाईल अशी सोय करा.

१४. बुद्धाच्या मस्तकावरून पाणी वाहणारं कारंजं घरी ठेवावं का?

माझं उत्तर: नको.

बुद्धमूर्तीवर पाणी घालण्याची परंपरा आहे. जपानमध्ये ८ एप्रिलला बाल सिद्धार्थाच्या छोट्या मूर्तीवर पळीने गोड चहा घालतात, जन्माच्या वेळी स्वर्गातून झालेल्या स्नानाची आठवण म्हणून. पण ते स्नान हाताने घालायचं, पूर्ण मूर्तीला, श्रद्धेने. धडाविना मस्तक ही कल्पना कुठल्याही उपासनेतून आलेली नाही. लुटारूंनी मूर्तींची मस्तकं तोडून विकली, ती संग्रहात मांडली गेली आणि त्यातून तो शोभेचा आकार झाला. थायलंडमध्ये "बुद्ध ही सजावटीची वस्तू नाही" असे फलक लावलेले दिसतात. महाराष्ट्रात तर शेजारी, पाहुणे, घरकामाला येणाऱ्या ताई यांच्यापैकी कुणाच्या तरी घरात त्या मूर्तीसमोर रोज वंदना होत असते. हॉटेलच्या स्वच्छतागृहाबाहेर ते मस्तक पाहून त्यांना काय वाटत असेल, याचा विचार आपण करायलाच हवा.

बौद्ध परंपरेतलीच पाणी-रचना हवी असेल तर थायलंडची भूदेवी पाहा, फ्रा मे थोरानी. सिद्धार्थाची साधना मोडायला मार सैन्य घेऊन आला तेव्हा सिद्धार्थाने भूमीला साक्ष ठेवलं. आपल्याकडे भूमिस्पर्श मुद्रा आहे ती हीच. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात हा प्रसंग कोरलेला आहे. आग्नेय आशियातल्या कथेत भूमी स्त्रीरूपाने प्रकट होते आणि आपले केस पिळते. सिद्धार्थाने जन्मोजन्मी दान देताना सोडलेलं उदक तिच्या केसांत साठलेलं असतं. त्याचा पूर येतो आणि मार वाहून जातो. बँकॉकमध्ये सनाम लुआंगजवळ १९१७ सालचं तिचं कारंजं आहे. राणी साओवभा यांनी ते लोकांना पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधवलं.

दानावर उदक सोडणं मराठी माणसाला सांगायला नको. सोडलेलं पाणी कुठे जातं, हा प्रश्न मात्र आपण विचारला नव्हता. थायलंडने त्याचं उत्तर शिल्पात दिलं.

१५. बारा प्राण्यांच्या मस्तकांचं चिनी कारंजं अस्सल चिनी आहे का?

मूळ रचना बीजिंगजवळच्या युआनमिंगयुआन या राजउद्यानातली. चियेनलुंग सम्राटासाठी जेझुइट धर्मगुरू जुझेप्पे कास्तिल्योने यांनी आखलेली, पाण्याची यंत्रणा मिशेल बेन्वा यांची. अंगावर झगा, धड माणसाचं आणि मस्तक चिनी राशिचक्रातल्या प्राण्याचं, अशा बारा आकृती. दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा भाग, प्रत्येक भागात त्या त्या प्राण्याच्या मुखातून पाणी, आणि ऐन दुपारी बाराही मुखांतून एकदम. म्हणजे यंत्र युरोपचं, कालगणना चीनची. मिश्र आहे म्हणून ते खोटं ठरत नाही. घड्याळ म्हणून ते चोख विचार केलेलं होतं.

१८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने उद्यान लुटलं, जाळलं. मस्तकं जगभर विखुरली. त्यांतली सात आजवर चीनमध्ये परतली आहेत. त्यामुळे आज चिनी माणसाला या मस्तकांत राशीपेक्षा ती लूट आधी दिसते. चिनी पाहुण्यांसाठी जागा सजवत असाल तर हे ध्यानात ठेवा.

१६. पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानात यातलं काय बघता येईल?

सिंहगड रस्त्यावरचं हे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेलं आहे. तिथे जाताना कारंजं शोधत जाऊ नका, प्रवाहाच्या काठाने चाला. पाणी कुठे अरुंद होतं, कुठे पसरतं, पूल कुठल्या कोनात ठेवलाय, वळण आल्यावर पुढचं दृश्य कसं झाकलं जातं, हे पाहत जा.

मूळ कोराकुएन इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये सुरू केली, १७०० मध्ये ती पुरी झाली. तिथे र्‍यूतेन नावाची एक उघडी वास्तू आहे. तिच्या खालच्या मजल्याच्या मधोमध प्रवाह वाहतो आणि त्यात सहा सुंदर दगड ठेवले आहेत. सरदार तिथे विसावा घेत असे. "कोराकु" हे नाव १८७१ मध्ये दिलं गेलं, चिनी वचनावरून: राज्यकर्त्याने काळजी लोकांच्या आधी करावी आणि सुख लोकांच्या नंतर घ्यावं.

१७. छोट्या बाल्कनीत पाणीपात्र ठेवलं तर डास होतील का?

साचलेल्या पाण्यात नक्की होतील. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. नगरपालिका सांगते तो आठवड्याचा कोरडा दिवस पात्रालाही लागू करा: रिकामं करा, आतून काथ्याने घासा, वाळवा, पुन्हा भरा. पंपाचं पाणी हलतं असलं तरी कडेच्या खाचांत साचतं, तिथेही हात फिरवा. वापरात असलेलं पात्र जपानमध्येही असंच घासूनपुसून ताज्या पाण्याने भरतात. बांबूचे भाग आपल्या पावसाळ्यात लवकर कुजतात. ते बदलायचेच असतात, त्यांना वॉर्निश फासून अमर करायला जाऊ नका.

१८. आमच्याकडे ना जागा आहे ना पंपाची सोय. तरीही या परंपरेतलं एखादं काही करता येईल का?

उचिमिझु करा. म्हणजे आपला सडा, शेणाशिवायचा. चहाच्या बागेत पाहुणे यायच्या आधी यजमान वाट, दगड आणि पानं पाण्याने ओली करतो. ओलं दार म्हणजे "तयारी झाली आहे, या". वाट कोरडी असेल तर पाहुण्याने समजायचं की थोडं थांबावं.

रिक्यूंच्या पद्धतीत हे पाणी तीनदा शिंपडतात. एकदा पाहुणे येण्याआधी, एकदा मधल्या विश्रांतीच्या वेळी, आणि तिसऱ्यांदा ते निघायच्या बेतात असताना, म्हणजे परत जातानाही त्यांना वाट ओली मिळते.